प्लेटलेट ४६ हजार, आणि ताप तर उतरलेला

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम भरात आला की तापाचा रुग्ण ओपीडीत कपाळावर एक नाव घेऊनच शिरतो: माकडताप. २०१५ पासून हा आजार या तालुक्यात ठाण मांडून आहे. बागेतल्या पालापाचोळ्यातून बी वेचताना गोचीड चावते, आठवडाभरात कडकडून ताप भरतो, अंग ठणकतं, डोळे लाल होतात आणि रक्त तपासलं की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेल्या. मार्च महिना, वाळपईकडचं गाव, ताप आणि प्लेटलेट ४६ हजार, एवढं वाचल्यावर दुसरं काही मनात येणं कठीणच. म्हणून आधीच्या डॉक्टरांना मी फार दोष देत नाही. थोडा देतो, तो का ते पुढे येईलच.

बाई ३६ वर्षांच्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरची थोडी काजूची झाडं, हंगामात दुसऱ्यांच्या बागेतही बी वेचायला जाणं, घरी दोन मुलं, सासू आणि एक दुभती म्हैस. नवऱ्याची हंगामापुरती काजूच्या दारूची भट्टी. ताप आला, चौथ्या दिवशी जवळच्या एका रुग्णालयात दाखल केलं. माकडतापाची चाचणी निगेटिव्ह, डेंगीची निगेटिव्ह, हिवतापाची निगेटिव्ह. हिमोग्लोबिन ८.२, पांढऱ्या पेशी २१००, प्लेटलेट ४६ हजार. आकडा बघून चार पिशव्या प्लेटलेट चढवल्या. दुसऱ्या दिवशी संख्या ४९ हजार. तिसऱ्या दिवशी परत ४५. तोवर ताप आपोआप उतरला होता, बाई उठून बसल्या होत्या, घरी कधी सोडणार म्हणून विचारत होत्या. पण आकडा काही हलेना, म्हणून सोडेनात. घरच्यांनी पपईच्या पानांचा रस सुरू केला, कुणी किवी आणून दिली. दहाव्या दिवशी नवरा बायकोला घेऊन माझ्याकडे आला तो या एकाच तक्रारीने: "डॉक्टर, ताप गेला, पण प्लेटलेट वाढत नाहीत."

ताप जाऊन आठवडा होत आला तरी प्लेटलेट जिथल्या तिथे, ही गोष्ट माझ्या कानाला खटकली. माकडताप असो की डेंगी, घसरलेल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर चार-सहा दिवसांत वर येऊ लागतात. आणि चार पिशव्या चढवून जेमतेम तीन हजारांनी आकडा हलतो, याचा अर्थ बाहेरून दिलेलंही कुठेतरी जाऊन बसतंय.

"जुने रिपोर्ट आहेत?" मी विचारलं.

नवऱ्याने कापडाच्या दुकानातली एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात रेशनकार्ड, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, मुलांच्या लसीकरणाची कार्डं, आणि त्यांच्यामध्ये चार घड्या घातलेले दोन कागद. एक २०१९ चा: हिमोग्लोबिन ९.१, पांढऱ्या पेशी ३२००, प्लेटलेट ९२ हजार. दुसरा २०२१ चा, एका आरोग्य शिबिरातला: ८.८, २९०० आणि ८१ हजार. दोन्ही कागदांवर लाल पेनाने गोल काढलेला होता. तो गोल फक्त हिमोग्लोबिनभोवती. खाली लोहाच्या गोळ्या, तीन महिने.

मी थोडा दोष देतो तो इथे. लोहाची कमतरता होतीच, पाळीत अंगावरून भरपूर जात होतं, पेशींचा आकारही लहान होता. गोळ्या चुकीच्या नव्हत्या. पण नुसत्या लोहाच्या कमतरतेने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अशा खाली येत नाहीत. उलट लोह कमी असलेल्या बाईच्या प्लेटलेट बऱ्याचदा जरा वाढलेल्याच दिसतात. एकाच कागदावर तिन्ही आकडे खाली, दोन वर्षांनी तिन्ही आणखी खाली, आणि लाल पेन पहिल्याच ओळीवर थांबलेलं. दोन कागद कुणी शेजारी ठेवलेच नव्हते. ठेवणार कसे, दोन्ही वेळा डॉक्टर वेगळा, आणि पिशवी घरी.

प्लेटलेट कमी दिसल्या की पहिलं काम साधं असतं: ती संख्या खरी आहे का ते बघणं. काहींच्या रक्तात नळीतल्या औषधामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला त्यांचा गुच्छ एकच मोठी पेशी वाटतो. आम्ही रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गुच्छ नव्हते. संख्या खरीच होती. विचित्र, कोवळ्या पेशी नव्हत्या, हिवतापाचे जंतू नव्हते.

मग पोट.

पोट तपासण्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण या प्रकरणाची किल्ली तिथेच होती. रुग्णाला पाठीवर झोपवायचं, गुडघे थोडे दुमडायला सांगायचे आणि हात सुरू करायचा तो उजव्या कुशीच्या खालच्या कोपऱ्यापासून, म्हणजे प्लीहेपासून (डाव्या बरगड्यांआडचा, रक्त गाळणारा अवयव) सगळ्यात लांबून. प्लीहा वाढते ती डाव्या बरगड्यांखालून तिरकी, बेंबीकडे आणि पुढे उजव्या कुशीच्या दिशेने. नवखे डॉक्टर थेट डाव्या बरगडीखाली बोटं खुपसतात. प्लीहा बोटभर वाढलेली असेल तर ती तशी सापडते. पण फार मोठी असली की बोटं तिच्या अंगावरच पडतात, कडा लागतच नाही, आणि 'पोट थोडं घट्ट' असं लिहून माणूस मोकळा होतो. मी खालून वर येत गेलो. "वहिनी, लांब श्वास घ्या." बेंबीच्या डावीकडे, जवळजवळ बेंबीच्याच रेषेत, श्वासाबरोबर एक गुळगुळीत, टणक कडा खाली सरकून बोटाला टेकली. आतल्या बाजूला खाच लागली. त्या खाचेने शंका उरत नाही. मूत्रपिंडाला ती नसते. बरगडीखाली मोजपट्टी धरली, नऊ सेंटिमीटर.

"जेवण कसं जातं तुम्हाला?"

"जेवण काय, डॉक्टर. वाटीभर पेज घेतली की पोट भरतं. पंगतीला बसायचं सोडलंय मी, आपली वाढायलाच असते."

"कधीपासून?"

"धाकटा झाला तेव्हापासून असेल."

धाकटा दारात उभा राहून मोबाइल बघत होता. नऊ वर्षांचा.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "पानथरी असणार ती. आमच्या लहानपणी हिवतापानं पोरांची पोटं अशीच व्हायची." प्लीहेला मराठीत पानथरी म्हणतात हे आजच्या कितीतरी डॉक्टरांना ठाऊक नसेल, पण जिथे हिवतापाने पिढ्यान् पिढ्या ठाण मांडलं तिथे हा शब्द घरातलाच. जुनं गोवं ओस पडण्यात हिवताप आणि पटकी यांचा हात होता, आणि १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीला आली. कारण सासूबाईंचं चुकलं असेल, अवयव त्यांनी सोनोग्राफीच्या आधी ओळखला.

निरोगी माणसाची प्लीहा साधारण १५० ग्रॅमची, ११-१२ सेंटिमीटर लांब, बरगड्यांआड लपलेली. तिची आतली रचना गाळणीची. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, आणि तिला प्लीहेच्या शिरेत परत शिरायला भिंतीतली फट मिळते ती दोन-तीन मायक्रॉनची. तरुण, लवचीक पेशी अंग चोरून निघून जाते. म्हातारी, ताठ झालेली अडकते आणि तिथेच गिळली जाते. प्लेटलेटांचं मात्र वेगळं आहे. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश कोणत्याही वेळी प्लीहेत विसावलेल्या असतात, ये-जा चालू असते. प्लीहा मोठी झाली की हा वाटा वाढत जातो. फार मोठ्या प्लीहेत शरीरातल्या ९० टक्क्यांपर्यंत प्लेटलेट असू शकतात. हे १९६६ मध्ये ॲस्टर या संशोधकाने प्लेटलेटांना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावून त्यांचा माग काढत दाखवून दिलं. त्याआधी बरीच वर्षं वाद होता की मोठी प्लीहा पेशी मारते की अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या पेशींच्या कारखान्याला, दाबते.

नवऱ्याला मी हे असं सांगितलं: फोंड्याच्या रस्त्यावर कदंबाच्या (आमची सरकारी एसटी) बस कमी दिसल्या म्हणजे बस मोडीत निघाल्या असं नव्हे, त्या डेपोत उभ्या आहेत. रक्त काढून आपण मोजतो ते फक्त रस्त्यावरच्या. ४६ हजार हा रस्त्यावरचा आकडा. म्हणूनच डेंगीत ४६ हजारांना जी धास्ती वाटते तेवढी इथे वाटायला नको. आणि म्हणूनच बाहेरून चढवलेल्या चार पिशव्याही मुकाट्याने डेपोत जाऊन लागल्या. पपईच्या पानांचा रस डेपोचं फाटक उघडू शकत नाही.

पांढऱ्या पेशींचंही थोडंफार असंच. तांबड्यांना दुहेरी फटका: त्या अडकतात, लवकर मोडतात, आणि शिवाय मोठ्या प्लीहेबरोबर रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन पातळ होऊन आणखी कमी दिसतं.

या सगळ्याला हायपरस्प्लेनिझम म्हणतात, अतिक्रियाशील प्लीहा. पाठ्यपुस्तकातल्या अटी चार: प्लीहा मोठी, रक्तातल्या एक वा अधिक पेशी कमी, अस्थिमज्जा मात्र भरलेली आणि कामात असलेली, आणि प्लीहा काढली की आकडे सुधारतात. चौथी अट वाचली की मला नेहमी 'मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही' आठवतं. आणि हे निदान एकटं पुरेसं कधीच नसतं. प्लीहा स्वतःहून क्वचितच बिघडते. तिला कुणीतरी वाढवलेलं असतं, आणि खरा शोध त्याचा.

इथून पुढची यादी लांब होती, पण बरीचशी भराभर खोडता आली. रक्ताचा कर्करोग असता तर काचेवर काहीतरी दिसलं असतं. थॅलेसिमियाची तपासणी नॉर्मल. काळा आजार गोव्यात नाही, बाई कधी बिहारकडे गेलेल्या नव्हत्या. तरी अस्थिमज्जा तपासलीच. यकृताचा आजार स्पष्ट दिसत असता तर कदाचित टाळली असती. मज्जा पेशींनी भरलेली आली, प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी भरपूर, परजीवी नाहीत, लोहाचा साठा रिकामा. कारखाना चालू, माल रस्त्यात अडलेला.

सोनोग्राफीत प्लीहा १९ सेंटिमीटर, यकृताकडे जाणारी पोर्टल शीर १५ मिलिमीटर, म्हणजे फुगलेली, पण आत गुठळी नाही. पोटात पाणी नाही. यकृताचा पृष्ठभाग गुळगुळीत. तरीही रिपोर्टच्या शेवटी लिहून आलं: 'सिरोसिस?' (यकृत व्रणांनी घट्ट होण्याचा आजार, बऱ्याचदा दारूमुळे) प्रश्नचिन्हासह. मोठी प्लीहा आणि फुगलेली शीर दिसली की हात आपोआप तिकडे वळतो. आणि घरी भट्टी आहे म्हटल्यावर एका तरुण डॉक्टरने बाईंना सरळ विचारलंही, हुर्राक किती घेता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भट्टीच्या वासानंच मला मळमळतं हो. नवराही चव बघण्यापुरती घेतो." त्या खरं बोलत होत्या, हे तपासण्यांनी पुढे दाखवलंच, पण समजा घेत असत्या, तरी तो प्रश्न त्या सुरात विचारायचा नसतो.

बिलिरुबिन १.३, अल्ब्युमिन ४.१, रक्त गोठण्याची वेळ जवळजवळ बरोबर. बी आणि सी दोन्ही काविळी निगेटिव्ह. शरीरात तांबं साचण्याचा आजार नाही. फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा ताठपणा ७.८, इतक्या मोठ्या प्लीहेमागे सिरोसिस असता तर हा आकडा बराच वर असता. बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवून मानेच्या शिरेतून यकृताचा तुकडा काढून घेतला आणि त्याच वाटेने यकृतातला दाबही मोजला. दाब ६, किंचितच जास्त. तुकड्यात सिरोसिस नाही. पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांभोवती तंतू साचलेले, काही फांद्या बुजलेल्या.

याचं नाव नॉन सिरोटिक पोर्टल फायब्रोसिस. १९६९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कार्यशाळेत ते ठरलं. अलीकडे त्याला आणखी एक लांबलचक नाव मिळालं आहे. कारण एकच असं नाही: आतड्यातून वारंवार पोहोचणारे जंतुसंसर्ग, आर्सेनिक, रक्त गोठण्याची जन्मजात प्रवृत्ती अशी अनेक नावं घेतली जातात. तिशी-चाळिशीतला माणूस, भली मोठी प्लीहा, यकृताचं काम मात्र ठीकठाक, ही त्याची ओळख. यकृत चांगलं असल्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षं 'थोडा अशक्तपणा' म्हणत चालता-फिरता राहतो.

नवऱ्याच्या मामाचं कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची बाग, आहे हे बोलता बोलता कळलं, ते कामी आलं. "पाटाच्या तोंडाशी गाळ साचला तर मागचं पाणी कुठं जातं?" मी विचारलं.

तो क्षणभर थांबला. "आधी मागं तुंबतं. मग बांधावरून जातं, डॉक्टर. कधी बांध फोडूनच."

मागे तुंबलं ती प्लीहा. तिची शीर थेट पोर्टल शिरेला मिळते, वाट अडली की सगळा भार तिच्यावर. आणि बांधावरून जातं ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरांतून, ज्या एवढं रक्त वाहायला बनलेल्याच नाहीत. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा तिथे मोठ्या, नागमोडी फुगलेल्या शिरा होत्या आणि त्यांच्यावर लाल ठिपके. लाल ठिपके म्हणजे भिंत पातळ झाली आहे, फुटण्याच्या बेतात आहे. दहा दिवस सगळे प्लेटलेट मोजत बसले होते आणि जिवाला धोका होता तो इथे. याच काळात त्या कंबरदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून खात होत्या, हेही तेव्हाच कळलं. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आता काढायची का प्लीहा? प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हाच. घरच्यांचं म्हणणं साधं होतं. सासूबाई म्हणाल्या, "गाठ आहे तर काढून टाका ना." शल्यचिकित्सक मित्रही त्याच बाजूचा: "आठवड्यात प्लेटलेट दीड-दोन लाखांवर जातील, लिहून देतो." ते खरंच आहे. प्लीहा निघाली की आकडे दिवसांत उसळतात, कधी कधी नको तितके.

माझे आक्षेप असे होते. पहिला म्हणजे, ४६ हजारांनी त्यांना काही केलं नव्हतं. अंगावर डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. पाळीचा त्रास होता, पण त्याला स्वतंत्र उपाय होता. दुसरा, प्लीहा काढल्यावर अशा रुग्णांत पोर्टल शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण मोठं आहे. म्हणजे आज अर्धी अडलेली वाट उद्या पूर्ण बंद. तिसरा आक्षेप माझ्या मते सगळ्यात वजनदार, आणि मित्राने तो ऐकून घेतला. उद्या अन्ननलिकेतला रक्तस्राव त्या शिरांना रबरी बँड बांधूनही आवरला नाही तर शेवटचा उपाय शंटचा: प्लीहा काढून तिची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडायची, तुंबलेल्या रक्ताला नवा पाट खणून द्यायचा. नुसती प्लीहा आज काढून टाकली तर ती शीरच गेली. पुढच्या शस्त्रक्रियेची सामग्री आपणच फेकून दिल्यासारखं. आणि चौथा, जंतुसंसर्ग. कवच असलेल्या जंतूंना, विशेषतः न्यूमोकोकसला, रक्तातून वेचून काढणारा अवयव प्लीहाच. ती नसलेल्या माणसाला सकाळी ताप आला तर संध्याकाळपर्यंत तो दगावू शकतो. १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर यांनी लहान मुलांत हे पहिल्यांदा दाखवलं. पावसाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या गावातल्या बाईला, 'ताप आला की तासाभरात मोठ्या रुग्णालयात या' असं सांगणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तरी मी डळमळलो, हे कबूल केलं पाहिजे. नऊ वर्षं ही बाई वाटीभर पेजेवर जगत होती. पोटातली ही मोठी गोष्ट निघाली असती तर ती पंगतीत बसली असती. आकड्यांसाठी प्लीहा काढायची नाही हे मला पटलेलं होतं. या पेजेच्या वाटीसाठी काढावी का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून त्यांनाच विचारलं. दोन्ही बाजू सांगितल्या, अर्धा तास लागला.

"रक्ताची उलटी होणार नाही, तेवढं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "पेजेचं मी बघते."

मित्र म्हणाला, "मग आधी बँड लाव. बघू."

दर तीन आठवड्यांनी, तीन वेळा दुर्बीण घालून त्या शिरांना रबरी बँड बांधले. आधी प्लेटलेट चढवायच्या का हा प्रश्न प्रत्येक वेळी कुणीतरी काढला. नाही चढवल्या, आणि काही झालं नाही. पोर्टल शिरेतला दाब कमी करणारं कार्वेडिलॉल सुरू केलं, ३.१२५ पासून. ६.२५ च्या वर नेलं की डोंगरवाटेवर चक्कर येत होती, म्हणून तिथेच थांबलो. लोह शिरेतून दिलं, गोळ्या त्यांच्या पोटाला पुरत नव्हत्या. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनची तांबी बसवली. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या मुद्दाम टाळल्या, त्यांतलं इस्ट्रोजेन गुठळीला निमंत्रण. दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि तेवढंच. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लसी देऊन ठेवल्या. शस्त्रक्रिया ठरली तर त्या किमान दोन आठवडे आधी टोचलेल्या असाव्या लागतात, आणि घाईच्या वेळी ते कधीच जमत नाही.

म्हशीचीही चर्चा झाली. बरगडीबाहेर आलेली प्लीहा एका लाथेने फुटू शकते. झाडावर चढायचं नाही, म्हशीच्या मागच्या पायांशी बसायचं नाही. दूध नवरा काढू लागला. सासूबाईंच्या मते म्हैस तेव्हापासून दूध कमी देते.

आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६. पांढऱ्या पेशी २७००. प्लेटलेट ५२ हजार. नवरा कागद बघून हिरमुसला. "आकडा तर तिथंच आहे." तिथेच असणार होता. मज्जा कामात होती, यकृत ठीक होतं, अन्ननलिकेतल्या शिरा चपट्या झाल्या होत्या. डेपो मात्र तेवढाच मोठा होता. मी एका जाड कागदावर चार ओळी लिहून दिल्या: प्लीहा मोठी आहे, पोर्टल शिरेतला दाब वाढलेला आहे, नेहमीच्या प्लेटलेट ४५ ते ५५ हजार, रक्तस्राव नसेल तर चढवू नयेत, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन देऊ नये, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाल्यास तातडीने दुर्बीण. खाली माझा फोन नंबर. त्यांनी तो कागद वाळपईला लॅमिनेट करून घेतला आणि रेशनकार्डाच्या मागे ठेवला.

तो पुढच्या जुलैत उपयोगी पडला. डेंगी, या वेळी खराच, चाचणी पॉझिटिव्ह. पाचव्या दिवशी रात्री अकराला एका रुग्णालयातून फोन आला: "सर, प्लेटलेट २८ हजार, आम्ही चढवतोय." मी तीन गोष्टी विचारल्या: हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) किती, रक्तदाब किती, शीचा रंग कसा. हिमॅटोक्रिट स्थिर होतं, दाब बरा होता, शी पिवळीच होती. डेंगीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी गळून, प्लेटलेटच्या आकड्याने नव्हे. म्हणून नजर हिमॅटोक्रिटवर ठेवायची. पलीकडच्या तरुण डॉक्टरने जरा वेळ घेतला. मग म्हणाला, "पेशंटच्या सासूने आम्हाला कार्ड दाखवलं होतं, पण आम्हाला वाटलं जुनं असेल." नाही चढवल्या. आठवड्याने संख्या परत ५० वर.

याचा अर्थ प्लीहा कायमची वाचली असा मी धरत नाही. प्लीहेत रक्तपुरवठा तुटून वारंवार दुखू लागलं, पांढऱ्या पेशी आणखी घसरून संसर्ग होऊ लागले, किंवा बँड असूनही रक्तस्राव झाला, तर शंटसकट शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि तेव्हा मी मित्राच्या शेजारी उभा राहीन. मध्यंतरी एकदा डाव्या कुशीत दोन दिवस कळ आली होती. पॅरासिटामॉलवर थांबली. मी ती तारीख कागदावर टिपून ठेवली आहे.

गेल्या भेटीत प्लीहा १९.४ सेंटिमीटर होती. मोजण्यातला फरक की खरी वाढ, हे पुढच्या वेळी कळेल. पुढची दुर्बीण मी एप्रिलमध्ये घालूया म्हणालो. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"मेच्या शेवटाला करूया," त्या म्हणाल्या. "बी संपू दे."